फुलांच्या आधीचे हात

फिनेलच्या बाटलीवर, कपड्याच्या साबणावर, पावडरीच्या डब्यावर एका जांभळ्या फुलाचे चित्र आपण नेहमी पाहतो. खाली नाव असते, लव्हेंडर. आपल्यापैकी बहुतेकांनी हे झाड डोळ्यांनी पाहिलेले नाही. आपल्या उकाड्याच्या आणि धो धो पावसाच्या मुलखात ते धड जगतही नाही. पण वास मात्र सगळ्यांच्या ओळखीचा. गंमत अशी की त्या बाटलीत बहुधा फुलाचा एक थेंबही नसतो. तो वास कारखान्यात तयार होतो. आणि याच कारखानी वासाने एके काळी दूरदेशीच्या शेकडो शेतकरी कुटुंबांचे पीक बुडवले होते. त्यातून एक शेत कसे वाचले, ती हकीकत आज सांगायची आहे. जागा आहे जपान आणि हंगाम वसंताचा.

मुलांनो, घरात नकाशाचे पुस्तक असेल तर काढा. जपानची चार मोठी बेटे दिसतील. त्यांतले सर्वांत उत्तरेचे होक्काइडो. या बेटाच्या जवळजवळ मध्यावर फुरानो नावाचे खोरे आहे. एका बाजूला तोकाचिदाके हा ज्वालामुखीचा डोंगर, खाली सपाट शेते. आपल्याकडे एकाच नावाची बुद्रुक आणि खुर्द अशी गावे असतात, तशी तिथे कामिफुरानो, नाकाफुरानो आणि फुरानो अशी गावे आहेत. कामि म्हणजे वरचे, नाका म्हणजे मधले.

फुरानो हा शब्द मूळचा जपानी नाही. तो ऐनू भाषेतला आहे. ऐनू म्हणजे होक्काइडोचे मूळ रहिवासी. तोकाचिदाकेच्या पोटातून गंधकाचा उग्र वास येतो, ओढ्याच्या पाण्यालाही तो लागतो. म्हणून त्यांनी या जागेला 'वास मारणारी जागा' अशा अर्थाचे नाव दिले. आज त्याच गावाचे नाव जगभर सुवासासाठी घेतले जाते.

नाव राहिले, पण नाव देणाऱ्यांचे काय झाले? 1869 मध्ये जपान सरकारने या बेटाला होक्काइडो हे नाव दिले आणि दक्षिणेकडून शेतकरी आणून वसवायला सुरुवात केली. फुरानोच्या खोऱ्यात ही वस्ती 1897 पासून सुरू झाली. ऐनू लोक शिकार, मासेमारी आणि रानातल्या वस्तूंवर जगत. त्यांच्या नद्या आणि राने हातची गेली. 1899 मध्ये त्यांच्या 'संरक्षणा'साठी म्हणून एक कायदा झाला. त्या कायद्याने त्यांना थोडीथोडी जमीन देऊन शेतकरी बनवायचे ठरवले आणि त्यांची भाषा व चालीरीती मागे पडत गेल्या. तो कायदा रद्द व्हायला 1997 साल उजाडले. ऐनू हे या भूमीचे मूळचे लोक आहेत, असे कायद्यात स्पष्ट लिहिले गेले ते 2019 मध्ये. फुलांचे शेत बघताना ही गोष्ट विसरता कामा नये. ज्या जमिनीवर सुगंध पिकला, ती जमीन रिकामी नव्हती.

आलेले वसाहतकरीही काही सावकार नव्हते. बहुतेक गरीब शेतकरीच. दाट जंगल तोडायचे, खुंट उपटायचे, मग पेरायचे. हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंश आणि कधी त्याहूनही खाली जातो. अशात 24 मे 1926 रोजी तोकाचिदाकेचा स्फोट झाला. महिना वसंताचा, पण डोंगरावर बर्फ अजून भरपूर. गरम राख-दगडांनी तो बर्फ एकदम वितळला आणि चिखलाचा लोंढा खाली कामिफुरानोवर आला. 144 माणसे गेली. भाताची खाचरे गंधकाच्या चिखलाखाली गाडली गेली. गाव सोडून जावे असे म्हणणारे होते. पण राहणारे राहिले आणि दुसरीकडची चांगली माती वाहून आणून त्यांनी खाचरे पुन्हा उभी केली. तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या माणसांना वसंत म्हटल्यावर नुसती फुलेच आठवतात असे नाही.

आता तो वसंत कसा असतो ते पाहू.

आपल्याकडे मार्चमध्ये झळा सुरू होतात. फुरानोत मार्चमध्ये शेतावर अजून कमरेएवढा बर्फ असतो. शेतकरी त्या पांढऱ्या शेतावर काळी पूड टाकताना दिसतात. कोळशाची किंवा राखेची ती पूड असते. पांढरा बर्फ ऊन परतवून लावतो, काळा रंग ऊन शोषतो. त्यामुळे बर्फ काही दिवस लवकर वितळतो. आपल्याला वाटेल, काही दिवसांचे काय एवढे? पण तिथे पिकाचा हंगामच मुळी पाच-सहा महिन्यांचा. आठवडाभर आधी जमीन मोकळी झाली तर पेरणीला तेवढा अवधी मिळतो. उन्हात काळे कपडे का घालू नयेत हे आपली आजी सांगते, तेच शास्त्र तो शेतकरी शेतात वापरतो.

बर्फ शेतात असतानाच प्लॅस्टिकच्या कागदाखालच्या मांडवात कांद्याची, खरबुजाची, भाताची रोपे तयार होत असतात. रात्री थंडी वाढली तर मांडवात ऊब द्यावी लागते. दुपारी ऊन चढले की कागद वर करून वारा द्यावा लागतो. घरातले कोणी ना कोणी सतत त्या रोपांशी बांधलेले. एप्रिलमध्ये शाळेचे नवे वर्ष सुरू होते. नवे दप्तर घेतलेली मुले बर्फाच्या कडेकडेने शाळेत जातात. चेरीचा बहर तोक्योत मार्चअखेर येतो, तो इथे मे महिन्याच्या सुरुवातीला पोचतो.

बर्फ सरकला की त्याच्या कडेला फुकी नावाची रानभाजी डोके वर काढते. तिची कळी कडवट असते. पातळ पिठात बुडवून ती तळतात. मग रानलसूण येतो, जो ऐनू लोक पिढ्यान्‌पिढ्या खात आले. पहिल्या पावसानंतर आपल्या बाया टाकळा-कुर्डू खुडायला निघतात, तशीच ही माणसे रानात निघतात. पण बरोबर घंटा नेतात, कारण थंडीची झोप संपवून अस्वलेही याच वेळी बाहेर पडतात. शिवाय रानलसणासारख्या दिसणाऱ्या पानांची विषारी झाडेही तिथे असतात. कोणते पान खुडायचे आणि कोणते नाही, हे मोठी माणसे लहानांना हाताला धरून शिकवतात.

आणि लव्हेंडर? वसंतात ते पाहिले तर कोणी त्याचा फोटोही काढणार नाही. चार-पाच महिने बर्फाखाली दबलेली, राखाडी, चेपलेली झुडपे. पण हा बर्फच त्यांचा वाली असतो. वर हवा शून्याखाली वीस अंश असली तरी बर्फाच्या जाड गोधडीखाली थंडी तेवढी उतरत नाही, म्हणून झाड जगते. मात्र बर्फाच्या ओझ्याने फांद्या मोडतात. त्या वसंतात छाटायच्या. मेलेली झुडपे उपटून तिथे नवी रोपे लावायची. वितळलेले पाणी साचू द्यायचे नाही, कारण लव्हेंडरला थंडी चालते पण मुळाशी पाणी चालत नाही. म्हणून हे पीक उताराच्या जमिनीवर चांगले येते आणि उतारावर काम करणाऱ्याचे कंबरडे मोडते. मे महिन्याच्या मध्यापासून राखाडी काड्यांना हिरवट पालवी फुटते. तिच्याबरोबर तणही फुटते. मग ओळीओळीने वाकून खुरपणी. हे काम जून संपेपर्यंत चालते. बहर येतो जुलैत, फार तर तीन-चार आठवडे.

तेवढ्या दिवसांसाठी माणसे देशोदेशीहून येतात. बघणारे जुलैत येतात, राबणारे एप्रिलमध्येच वाकलेले असतात.

या पाहुण्यांची सोय खोऱ्यातली लहान लहान घरे करतात. मोठ्या हॉटेलांपेक्षा वेगळी अशी 'मिन्शुकू' नावाची पद्धत जपानमध्ये आहे. म्हणजे कुटुंब आपल्याच घरातल्या चार-सहा खोल्या पाहुण्यांना देते. दारात जोडे काढायचे, जमिनीवर गादी अंथरून झोपायचे, न्हाणीघर सर्वांचे एकच, आणि जेवण घरच्याच बाईच्या हातचे. पाहुणे तिला 'ओका-सान' म्हणजे 'आई' अशी हाक मारतात. आपल्या खाणावळीतल्या बाईला आपण मावशी म्हणतो, तसेच. पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकात पलंग-खुर्च्या असलेली 'पेन्शन' नावाची घरगुती निवासगृहेही वाढली.

फुरानोत हिवाळ्यात बर्फावरच्या घसरगाडीचा, म्हणजे स्कीइंगचा हंगाम असतो. 1977 मध्ये इथे या खेळाच्या विश्वचषकाच्या शर्यतीही झाल्या. उन्हाळ्यात फुलांचा हंगाम. मधला वसंत हा रिकामा. एप्रिलअखेरीस सुट्ट्यांचा एक आठवडा लागून येतो, तेवढे सोडले तर खोल्या ओस. पण ओस म्हणजे आराम नव्हे. खिडक्यांवर बर्फासाठी ठोकलेल्या फळ्या काढायच्या, गाद्या उन्हात घालायच्या, ओल्या बुटांच्या खोल्या धुवायच्या, छपराचे गळके ठिकाण शोधायचे. रॉकेलची शेगडी मे महिन्यातही संध्याकाळी पेटतेच. ज्यांचे शेत आहे त्यांना सकाळी शेत आणि दुपारी घर. आवक नाही, खर्च चालू. घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला हा महिना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. लव्हेंडर या थंड खोऱ्यात आले कसे?

1937 मध्ये एका जपानी सुगंध कंपनीने फ्रान्सहून लव्हेंडरचे बी आणवले. देशात ठिकठिकाणी लावून पाहिले. होक्काइडोची कोरडी-थंड हवा त्याला मानवली. महायुद्धानंतर कामिफुरानोतल्या शेतकऱ्यांनी कंपनीशी करार करून लागवड सुरू केली. साबण आणि अत्तरासाठी तेलाला मागणी होती.

1953 मध्ये नाकाफुरानोचा तादाओ तोमिता नावाचा एकवीस वर्षांचा शेतकरी तरुण कामिफुरानोला गेला असता त्याने हे जांभळे शेत पहिल्यांदा पाहिले. आजोबांनी जंगल तोडून केलेल्या शेतावर राबणारा हा तिसऱ्या पिढीतला मुलगा. भात हेच पीक त्याला ठाऊक. ज्याच्याकडे बघून मन हरखते असे पीकही असू शकते, हे त्याला नवीन होते. 1958 मध्ये त्याने आपल्या उतारावर लव्हेंडर लावले. मग गावागावांत ते पसरत गेले. 1970 च्या सुमारास फुरानोच्या परिसरात दोनशेहून अधिक कुटुंबे हे पीक घेत होती आणि दोनशेहून अधिक हेक्टर जमीन त्याखाली होती.

थोडा हिशोब मांडू. लव्हेंडरचे तेल वाफेने काढतात. मोठ्या बंद भांड्यात फुलांचे तुरे दाबून भरायचे, खालून वाफ सोडायची. वाफेबरोबर फुलातले तेल उडते. ती वाफ थंड नळीतून नेली की पाणी आणि तेल खाली जमते. तेल हलके, ते वर तरंगते. शंभर किलो ताज्या फुलांतून साधारण एक किलो तेल मिळते, कधी तेवढेही नाही. आणि ही शंभर किलो फुले म्हणजे जुलैच्या उन्हात, उतारावर वाकून, विळ्याने कापलेले तुरे. घरातली बायामाणसे, म्हातारी माणसे, सुट्टीतली मुले, सगळी त्यात.

आता या वहीत नावे बाजूला काय काय आहे बघा. जमीन शेतकऱ्याची, रोप वाढवायची दोन-तीन वर्षे त्याची, खुरपणी-कापणी त्याची, बर्फाचा आणि पावसाचा धोका त्याचा. जमा बाजूला मात्र एकच ओळ: कंपनी देईल तो भाव. विकणारे दोनशे आणि घेणारा एक. असा हिशोब जोवर जुळतो तोवर बरा, पण तो आतून पोकळ असतो.

तसेच झाले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दोन्हीकडून तडाखा बसला. लव्हेंडरच्या वासातले मुख्य घटक कारखान्यात रसायनांपासून स्वस्तात तयार होऊ लागले. आणि परदेशी तेलाची आयात सोपी झाली. 1973 च्या आसपास कंपनीने शेतकऱ्यांकडून तेल घेणे बंद केले. कोणाशी भांडण नाही, कोणाचा गुन्हा नाही. फक्त गिऱ्हाईक उठून गेले.

शेतकऱ्यांपुढे उपाय उरला नाही. एकेकाने जांभळी शेते नांगरून टाकली आणि दुसरे पीक घेतले. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. घरात खाणारी तोंडे असतात. फुलांकडे पाहून पोट भरत नाही. काही वर्षांत त्या खोऱ्यातून लव्हेंडर जवळजवळ नाहीसे झाले.

तोमितांनीही एके दिवशी ट्रॅक्टर शेतात घातला. पुढे त्यांनी अनेकदा सांगितले की, चाकाखाली झुडपे मोडली तेव्हा जो आवाज आला तो त्यांना किंकाळीसारखा वाटला. त्यांनी ट्रॅक्टर मागे घेतला आणि ठरवले की आणखी एक वर्ष ठेवू. भात पिकवून घर चालवायचे आणि फुले नुसती राखायची. एका वर्षाचे दुसरे झाले. प्रत्येक वसंतात तीच छाटणी आणि तीच खुरपणी करायची, अशा पिकासाठी की जे घ्यायला कोणी येणार नाही. शेजारीपाजारी काय म्हणत असतील याची कल्पना आपण करू शकतो. हा शहाणपणा होता की हट्ट, हे तेव्हा कोणालाच सांगता आले नसते. आणि वाचकहो, मी हा निर्णय सगळ्यांनी गिरवावा असे म्हणणार नाही. ज्याच्याकडे भाताचा आधार होता त्यालाच तो परवडला. भात नसता तर ती किंकाळी ऐकूनही ट्रॅक्टर पुढे न्यावा लागला असता.

मग सत्तरच्या दशकाच्या मध्यात, 1975-76 च्या सुमारास, जपानच्या सरकारी रेल्वेच्या दिनदर्शिकेत तोमितांच्या शेताचे छायाचित्र छापून आले. देशभरच्या स्टेशनांच्या, कचेऱ्यांच्या भिंतींवर ते पान लागले. हे कुठे आहे, असे विचारत छायाचित्रकार येऊ लागले, पाठीवर पिशव्या टाकलेली पोरेपोरी येऊ लागली. 1981 मध्ये फुरानोच्याच पार्श्वभूमीवरची एक दूरदर्शन मालिका सुरू झाली, ती अतिशय गाजली, आणि ओघ वाढतच गेला.

इथे खरी गोष्ट आहे, ती नीट पाहा. नुसत्या बघ्यांनी शेत वाचत नाही. बघून जाणारा माणूस शेतकऱ्याच्या हातात काही ठेवत नाही. तोमितांच्या घराने हळूहळू फुले वाळवून पुरचुंड्या करायला सुरुवात केली. कपड्यांच्या पेटीत आपण वाळा किंवा कापूर ठेवतो, तशा. मग स्वतःची भट्टी, स्वतःचे तेल, स्वतःचा साबण आणि अत्तर. पूर्वी ते फूल पिकवून भावासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत होते. आता पिकवणारा, तेल काढणारा आणि विकणारा एकाच अंगणात आला. हिशोबाची वही तीच राहिली, पण जमा बाजू त्यांच्या स्वतःच्या हाताने लिहिली जाऊ लागली. 1990 मध्ये फ्रान्समध्ये, म्हणजे ज्या देशातून बी आले त्याच देशात, लव्हेंडर तेलाच्या स्पर्धेत त्यांच्या 'ओकामुरासाकी' या होक्काइडोच्या वाणाच्या तेलाला पहिला क्रमांक मिळाला. तादाओ तोमिता 2015 मध्ये वारले. दिनदर्शिकेतले ते उताराचे शेत आजही राखलेले आहे आणि ते बघायला प्रवेशमूल्य नाही. 1999 पासून उन्हाळ्याच्या हंगामापुरते तिथे एक छोटे रेल्वे स्थानकही उघडते. त्याचे नावच 'लव्हेंडर शेत'.

पण गोष्ट इथे गोड करून संपवली तर ती खोटी होईल. गर्दीचाही भार असतो. शेजारच्या बिएई गावात शेतात एकटाच उभा असलेला एक उंच पॉप्लर वृक्ष होता. छायाचित्रांमुळे तो प्रसिद्ध झाला. लोक फोटोसाठी उभ्या पिकात शिरू लागले, बुटांच्या मातीबरोबर पिकाचे रोग येण्याचीही भीती. सांगून लोक ऐकेनात. झाडही म्हातारे झाले होते. शेवटी 2016 च्या फेब्रुवारीत मालकाने ते तोडून टाकले. शेत हे कोणाचे तरी कामाचे ठिकाण असते, हे बघणाऱ्यांनी लक्षात ठेवले नाही. आपणही कुठे सहलीला जातो, हुरड्याच्या दिवसांत कोणाच्या शेतात उतरतो, तेव्हा मुलांना बांधावरून चालायला शिकवावे.

आणि ज्या रेल्वेच्या दिनदर्शिकेने हे शेत वाचवले, त्या रेल्वेचे काय? 1987 मध्ये तिचे खासगीकरण होऊन तुकडे झाले. होक्काइडोच्या खेड्यांतून तरुण शहरांकडे गेले, गाड्या रिकाम्या धावू लागल्या. 2024 च्या वसंतात, मार्चच्या शेवटच्या दिवशी, फुरानोहून डोंगरापलीकडे शिंतोकूकडे जाणाऱ्या मार्गावरची शेवटची गाडी गेली आणि तो मार्ग बंद झाला. जुलैत गर्दी मावत नाही आणि एप्रिलमध्ये शाळेला मुले पुरत नाहीत, अशी त्या मुलखाची आजची स्थिती आहे. खुरपणीला आणि कापणीला हंगामी माणसे बाहेरून आणावी लागतात.

आपल्या देशातही हे पीक आता आले आहे. जम्मूच्या डोडा जिल्ह्यातल्या भदरवाह भागात सरकारी संशोधन संस्थेच्या मदतीने शेतकऱ्यांनी मक्याऐवजी लव्हेंडर लावले. 2022 मध्ये तिथे लव्हेंडरचा महोत्सवही झाला. वर्तमानपत्रांत जांभळ्या शेतांची चित्रे येतात. ती बघून आनंद होतो. पण फुरानोची हकीकत वाचल्यावर आपण चित्राबरोबर दोन प्रश्नही विचारले पाहिजेत. भट्टी कोणाच्या हातात आहे? आणि घेणारे गिऱ्हाईक किती आहेत? हे दोन प्रश्न लव्हेंडरपुरते नाहीत. शिवणकाम घरी आणणारी भगिनी असो, पापड लाटणारी असो, दूध घालणारा असो, सगळ्यांच्या धंद्याला ते लागू आहेत. एकच घेणारा असेल तर आज भाव चांगला असतानाच दुसरे दार शोधून ठेवावे. आणि माल कच्चा देण्याऐवजी एक पाऊल पुढे नेऊन देता येतो का, हे चार जणींनी मिळून पाहावे. एकट्याला भट्टी परवडत नाही, दहा जणांना परवडते.

पुढच्या वेळी साबणावरचे ते जांभळे चित्र मुलाने विचारले तर त्याला सांगा, हे एका झाडाचे फूल आहे. चार महिने ते बर्फाखाली असते. मग कोणीतरी येऊन त्याच्या मोडलेल्या फांद्या काढतो, त्याच्या मुळाशी साचलेले पाणी वाट करून देतो, त्याच्याभोवतीचे तण उपटतो. त्या वेळी तिथे एकही फूल नसते आणि एकही पाहुणा नसतो. फूल बघायला सगळेच जातात. मुलाला एवढे कळले की फुलाआधी कोणाचे तरी हात असतात, तरी पुष्कळ झाले.